अनुकूल, प्रतिकूल आणि पुष्पलता

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं, त्याच दिवशी दुपारी पुष्पलता रामटेके वाचनालयातून तावातावाने उठली आणि शेजारच्या खोलीचं दार न वाजवता आत शिरली.

आत एक उंच, किडकिडीत मुलगा टेबलावर मूठ आपटत होता.

"मौन! मित्रहो, मौन हीच माणसाची सर्वांत मोठी शक्ती आहे!"

वाचनालय आणि ही खोली यांच्यामध्ये प्लायवुडची भिंत होती. कॉलेजच्या संस्थापकांनी ज्ञान आणि वक्तृत्व यांच्यात फार अंतर नको असा विचार केला असावा, किंवा विटा संपल्या असाव्यात.

"हे पहा," पुष्पलता म्हणाली, "मौनाबद्दलचं तुमचं म्हणणं मले एकदम पटलं. आता थोडं करून पण दाखवता का? पलीकडे आम्ही वाचून राहिलो."

बाकांवरची मुलं खिदळली. त्या मुलाची मूठ हवेतच राहिली.

"मी… मी मौनाच्या बाजूने बोलून राहिलो होतो," तो म्हणाला. मघाचा पुणेरी आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"ऐकू आलं. रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालेही ऐकू आलं."

खिडकीशी आरामखुर्चीत एक गृहस्थ तपकिरी कोट आणि मफलर घालून बसले होते. ते प्राध्यापक हरकरे. वक्तृत्व व वादविवाद मंडळाचे ते अध्यक्ष होते, आणि दुसरं कुणी व्हायला तयार नसल्यामुळे आजन्म होते.

"बसा," हरकरे सर म्हणाले.

"बसायले नाही आली, सर."

"उत्तम. उभ्याने बोलणारीच माणसं आम्हाला हवी आहेत. नाव काय तुमचं?"

सरांची अडचण साधी होती. विद्यापीठाच्या वादविवाद स्पर्धेला प्रत्येक कॉलेजची जोडी लागे. जोडीतल्या एकाने विषयाच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरुद्ध. दोघांचे गुण एकत्र करून फिरती ढाल दिली जाई. म्हणजे आपल्याच जोडीदाराला व्यासपीठावर जितकं उताणं पाडावं, तितकी दोघांची भरभराट. टेबलावर मूठ आपटणारा वसंत पौनीकर हा मंडळाचा हुकमी एक्का. पण त्याचा गेल्या वर्षीचा जोडीदार पास होऊन इतवारीत बापाच्या भांड्यांच्या दुकानात बसला होता, आणि तिथे त्याच्या वक्तृत्वाला पहिल्यांदाच रोख दाद मिळत होती.

"मले भाषणं नाही येत," पुष्पलता म्हणाली.

"आत्ता केलंत ते काय होतं?"

"ते भांडण होतं."

"आम्ही त्यालाच नियम लावतो आणि कप देतो," सर म्हणाले. "वाचायला जागा नाही का घरी?"

पुष्पलताच्या इंदोऱ्याच्या घरात एक खोली, एक दिवा आणि तिच्यामागची चार भावंडं होती. सगळ्यात धाकट्याला पाढे मोठ्याने म्हटल्याशिवाय येत नसत.

"ही खोली सकाळी रिकामी असते," सर म्हणाले. "नत्थूजींना सांगतो, किल्ली तुम्हाला देतील."

असा तिचा मंडळात प्रवेश झाला. नत्थूजी शिपायांनी किल्ली दिली आणि पुष्पलताने एक अट घातली.

"मले जे पटते तेच मी बोलीन, सर."

"मग तुम्ही राजकारणात चालणार नाही," सर म्हणाले. "इथे चालवून पाहू."

*

हरकरे सरांच्या मंडळात दर गुरुवारी एक प्रकार चाले. सर त्याला 'पालटी' म्हणत. मुलगा भाषणाच्या ऐन रंगात आला की सर डस्टर टेबलावर आपटत, आणि त्याने त्याच वाक्यात, दम न घेता, उलट बाजू धरायची. स्पर्धेत बाजू चिठ्ठी टाकून मिळते, तेव्हा कोणतीही बाजू आपल्या बापाची नाही हे मुलांच्या अंगवळणी पडावं, असा त्यामागे शैक्षणिक हेतू होता.

पहिल्या गुरुवारी वसंत खेड्याच्या बाजूने बोलायला उभा राहिला. खेड्यातली हवा, खेड्यातलं पाणी, खेड्यातली माया… बोलता बोलता त्याचा गळा दाटून आला. बाकावरच्या उमरेडच्या एका मुलाने डोळे पुसले. तेवढ्यात डस्टर वाजला.

"…आणि म्हणूनच, मित्रहो, अशा खेड्यातून माणसाने मिळेल त्या पहिल्या एसटीने पळून जावं!"

गळा तसाच दाटलेला होता. उमरेडच्या मुलाला रुमाल कुठे ठेवावा कळेना.

मग पुष्पलता उठली. तीही खेड्यावर बोलली; मामाच्या गावच्या विहिरींवर बोलली, ज्या दोन होत्या, आणि आपली कोणती हे लहान पोरालाही न सांगता कळत असे. तीन-चार वाक्यं झाली आणि डस्टर वाजला.

ती थांबली. सगळे वाट पाहू लागले.

"काय झालं, मिस रामटेके?"

"सर… अजून मले पहिलंच पटून राहिलं."

खोलीत हशा पिकला. हसला नाही तो फक्त वसंत. तो तिच्याकडे पाहत होता. टाळ्या घ्यायला सरावलेल्या माणसाने हात नुसते मांडीवर ठेवून पाहावं, तसं. पुष्पलताने पदर सारखा केला, खाली बसली, आणि आपण का चिडलो नाही याचं तिलाच नवल वाटलं.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये तो तिच्यासमोर आलुबोंड्याची बशी घेऊन आला.

"बसू का?"

"खोली तुमची, कॅन्टीन पण तुमचंच."

"भांडण करू नको नं. तुझं थांबणं… मस्त होतं."

"थांबली म्हणून नापास झाली मी."

"तेच तर म्हणतो. मले थांबताच येत नाही." त्याने बशी पुढे सरकवली. "घे."

"चहा घेशील की कॉफी?" तिने विचारलं.

"दोन्हींवर बोलू शकतो."

"बोलायचं नाही सांगितलं, गा. प्यायचं सांगितलं."

वसंत विचारात पडला. खरोखरीच पडला. कपाळाला आठी घालून त्याने काउंटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग परत काउंटरकडे.

"तूच सांग," तो शेवटी म्हणाला.

पुष्पलता हसली. पण हसता हसता आत कुठेतरी एक बारीक काटा रुतला. हा मुलगा कशावरही बोलतो. याला स्वतःला काय पाहिजे, हे याला माहीत आहे का?

*

हिवाळ्यात नागपुरात वादविवाद दोनच ठिकाणी चालतात. त्यांतल्या एका ठिकाणी घंटा वाजली की माणसं खाली बसतात; दुसऱ्या ठिकाणी अधिवेशन असतं. त्र्याहत्तर सालच्या त्या हिवाळ्यात पहिल्या प्रकारच्या तयारीसाठी ही दोघं रोज संध्याकाळी खोलीत थांबत, आणि मग वसंत सायकल हातात धरून तिच्यासोबत पायी निघे. त्याचं घर तांडापेठेत, कोष्टी विणकरांच्या वस्तीत. तिचं इंदोऱ्यात. मध्ये रेल्वेचं फाटक. खरं तर त्याचं घर फाटकाच्या अलीकडेच येई, पण फाटक बंद असलं की तिच्याबरोबर उभं राहणं हा शिष्टाचार होता. मालगाड्या लांबलचक असत आणि हळू जात. बाकी शहर रेल्वेला शिव्या घाली. ही दोघं त्या खात्याच्या कारभारावर संतुष्ट होती.

एकदा गाडीचे डबे खडखडत असताना त्याने विचारलं, "छप्पन साली, दीक्षेच्या वेळी, तू केवढी होती?"

"बाबाच्या खांद्यावर मावत होती. मले फक्त पांढरे कपडे आठवतात. जिकडे तिकडे पांढरं… आणि बाबा रडून राहिला होता, पण हसल्यासारखं."

"तुझ्या बाबाले कधी वाटलं नाही का की… म्हणजे, एवढी मोठी गोष्ट. दुसरी बाजू पण तपासून घ्यावी?"

पुष्पलताने त्याच्याकडे पाहिलं. तो चिडवत नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं.

"दुसऱ्या बाजूले तो जन्मापासून राहत होता, गा. तपासायची काय राहिली होती?"

शेवटचा डबा गेला. फाटक उघडलं. वसंत जागचा हलला नाही. मागच्या रिक्षावाल्याने घंटी वाजवली, तेव्हा तो बाजूला झाला आणि म्हणाला, "असं एक वाक्य मले आजवर कधी बोलता नाही आलं."

त्याच्या आवाजात मत्सर होता. पुष्पलताला तो आवडला. मत्सरही, आणि… असो.

*

स्पर्धेचा विषय आला: 'ठरवून केलेले लग्नच सुखाचे असते.' हा विषय दोन-तीन वर्षांनी येतच असे, कारण त्या दिवशी सभागृह भरतं हे विद्यापीठाने अनुभवाने ओळखलं होतं. चिठ्ठ्या टाकल्या. वसंतला प्रतिकूल बाजू आली, पुष्पलताला अनुकूल.

"मी नाही बोलत," ती म्हणाली. "मले पटत नाही."

हरकरे सरांनी डोळे मिटून घेतले. ढाल हातातून जाताना त्यांना दिसू लागली असावी.

पण वसंत बाकाच्या टोकावर येऊन बसला. "तुझ्या घरात ठरवून कोणाकोणाचं झालं?"

"सगळ्यांचंच."

"त्यातलं सुखाचं कोणाचं?"

पुष्पलता बोटाने बाकावरचं कोरलेलं नाव गिरवत राहिली.

"आईबाबाचं," ती म्हणाली.

"मग तेवढंच बोल. बाकी जगाच्या लग्नाचा ठेका तू कायले घेते?"

इतक्या सहज म्हणाला तो. तिच्या मनात जे खरं होतं, त्याचं टोक त्याला बरोबर सापडलं होतं. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे याला कळतं, तिला वाटलं. मग स्वतःच्याच बाबतीत हा असा का?

स्पर्धेच्या दिवशी पुष्पलता तेवढंच बोलली. गिरणीत रात्रपाळी करून पहाटे घरी येणारा एक माणूस, आणि त्याची पावलं गल्लीच्या तोंडाशी ओळखून चूल पेटवणारी एक बाई. लग्नाआधी दोघांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं. त्यानंतर त्यांनी एकमेकांकडे कधी दुर्लक्ष केलं नाही. घंटेवाल्याने पहिली घंटा द्यायला हात उचलला, तेव्हा ती खाली बसलेली होती. टाळ्या पडायला जरा वेळ लागला. पण पडल्या.

मग वसंत उठला. आधी त्याने जोडीदाराचं भाषण विनयाने उचललं आणि विनयानेच जमिनीवर आपटलं. मग आवाज खाली आणला.

"प्रेम पत्रिकेत नसतं, मित्रहो. ज्या माणसासमोर शब्द फुटत नाहीत, त्याच माणसाशी आयुष्यभर बोलत राहावंसं वाटणं…" इथे त्याने उजवा हात हळूच छातीशी नेला. थांबला. एक श्वास. दुसरा. "…यालाच मी प्रेम म्हणतो!"

सभागृह उसळलं. परीक्षकांतल्या एका पोक्त बाईंनी चष्मा काढून पुसला. वसंत पहिला, पुष्पलता दुसरी. ढाल त्यांची. हरकरे सरांनी आनंदाने मफलर सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

*

सायकल स्टँडवर अंधार पडायला आला होता. ढाल वसंतने हँडलला अडकवली होती आणि ती तिथे एखाद्या परातीसारखी दिसत होती. तो कुलूप काढायचं सोडून उभा राहिला.

"पुष्पलता."

"हं?"

"ज्या माणसासमोर शब्द फुटत नाहीत…" तो म्हणाला, "त्याच माणसाशी आयुष्यभर बोलत राहावंसं वाटणं…" हात छातीशी गेला. थांबला. एक श्वास. दुसरा. "…तसं मले तुझ्याबद्दल वाटते."

पुष्पलताने दोन्ही तळवे समोर धरले.

"टाळ्या वाजवू का?" तिने विचारलं.

"काहून वं? असं काहून बोलते?"

"कारण हे तू आत्ता परीक्षकांसमोर बोलला. हात पण तिथंच नेला. श्वास पण तेवढेच घेतले."

"पण खरं आहे ते!"

"आणि चिठ्ठी उलटी निघाली असती तर?"

त्याने तोंड उघडलं. खोटं बोलता आलं असतं. चार शब्द इकडचे तिकडे करून वेळ मारून नेता आली असती. त्याच्याइतकी ती कला त्या शहरात कुणाला येत नव्हती. पण समोर ती होती.

"तर… ठरवून केलेल्या लग्नावर बोललो असतो."

"आणि?"

"आणि पहिलाच आलो असतो," तो हळूच म्हणाला, आणि ढालीकडे असं पाहिलं, जणू तिनेच फितुरी केली.

प्रेमात पडलेल्या माणसाकडून हजार चुका होतात. पण पहिलं बक्षीस मिळालेल्या भाषणानेच मागणी घालण्याची चूक वादविवाद मंडळाच्या सभासदाशिवाय कुणी करणार नाही.

"ऐक," पुष्पलता म्हणाली. "सोमवारी गोंदियाचे लोक मले पाहायले येऊन राहिले. पोरगा पोस्टात आहे. चांगला आहे म्हणतात. बाबा म्हणे, तुझ्या मनात काही असेल तर त्याच्या आत सांग, मग मी त्यांना येऊ नका म्हणतो. मी म्हटलं, एक पोरगा आहे. बाबाने विचारलं, त्याच्या घरी माहीत आहे? तिथं मी गप्प बसली."

वसंतचा चेहरा उतरला. "गोंदिया…"

"तू मले काही सांगू नको. तू तुझ्या घरी सांग. माझ्यासमोर. मुद्दे नको, दाखले नको, हात छातीवर नको. एकदा सांग आणि त्यावर उभा राहा."

"घरी?" सभागृह हलवणारा तो मुलगा कुलूप हातात धरून पुतळ्यासारखा उभा राहिला. "घरी मी बोलत नाही, पुष्पलता. दिवसभर माग चालते. कोणाचं कोणाले ऐकू जात नाही. आमच्याकडे सगळे खुणेनं सांगतात… आणि हे कोणत्या खुणेनं सांगू?"

"ते तुझं तू पाहा. रविवारी सकाळी येते मी."

*

तांडापेठेतली गल्ली अरुंद होती. दोरीवर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत होत्या, आणि प्रत्येक दारातून मागाची खटखट एकमेकींत मिसळून येत होती. पौनीकरांच्या घरात खड्डामाग होता. वसंतचे वडील, धोंडबाजी, कमरेपर्यंत खड्ड्यात बसून धोटा फेकत होते. शेजारी आई, पार्वतीबाई, रहाटावर सुताच्या कांड्या भरत होत्या.

"ही पुष्पलता," वसंत खटखटीवरून ओरडला. "पुष्पलता रामटेके! कॉलेजातली!"

आडनावाशी पार्वतीबाईंचा रहाट किंचित अडखळला. त्या उठल्या. हात फळीवरच्या पितळी फुलपात्राकडे गेला, थांबला, आणि कोपऱ्यातल्या ॲल्युमिनियमच्या पेल्याकडे वळला. त्यात पाणी आलं.

पुष्पलताने ते पाहिलं. वसंतनेही पाहिलं. जातिभेदाच्या विरुद्ध बोलून त्याला एक कप मिळालेला होता. दुसऱ्या साली चिठ्ठी उलटी निघाली, तेव्हा उत्तेजनार्थ. ती वाट पाहत राहिली, आता हा सुरू होईल. पण वसंत काही बोलला नाही. तिचं पिऊन झाल्यावर त्याने तोच पेला उचलला, माठातून भरला आणि उभ्याउभ्या घटाघटा प्यायला. पेला फळीवर, पितळी फुलपात्राच्या शेजारी ठेवला.

पार्वतीबाईंनी पेल्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. रहाट पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

वसंतने वडिलांना थांबायची खूण केली. धोंडबाजी थांबले नाहीत. हातातला काठ पुरा करून मगच त्यांनी धोटा ठेवला. घर एकदम शांत झालं.

वसंत उभा राहिला. सवयीने उजवा हात वर निघाला. अर्ध्या वाटेवर त्याला तो दिसला. त्याने तो खाली ओढून खिशात कोंबला.

"बा," तो म्हणाला. "मले… हिच्याशी लग्न करायचं आहे."

गल्लीतून इतर घरांची खटखट ऐकू येत होती.

"काहून?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"काहून म्हणजे…" त्याला घाम फुटला होता. विद्यापीठाचा पहिल्या क्रमांकाचा वक्ता आईकडे, मागाकडे, छपराकडे पाहत राहिला. "माहीत नाही," तो म्हणाला.

कोणत्याही परीक्षकाने त्याला शून्य दिलं असतं. पुष्पलताचे डोळे भरून आले आणि तिने घाईघाईने लुगड्याच्या अर्धवट विणीवर नजर लावली.

धोंडबाजींनी खड्ड्यातूनच तिच्याकडे पाहिलं. "पोरी, याची तुले पुरती माहिती आहे का? हा सकाळी मोरीपाशी उभा राहून एक बोलते न संध्याकाळी तिथंच उभा राहून त्याच्या उलटं. मागल्या साली सकाळी म्हणे, यंत्रमाग आला पाहिजे. संध्याकाळी म्हणे, हातमाग वाचवा. मी बसू का उठू?"

"बा, ती तयारी होती…"

"होती नं? मग सकाळचं ऐकलं. संध्याकाळचं ऐकल्याबिगर मी काही बोलत नाही." त्यांनी धोटा उचलला. "जाय घरी, बाई. संध्याकाळी पाहू."

"मी इथंच बसते, काका. उद्या गोंदियाचे लोक मले पाहायले येऊन राहिले," पुष्पलता म्हणाली.

धोंडबाजींनी खांदे उडवले आणि माग सुरू झाला.

तो दिवस फार लांब होता. शेजारच्या रुखमाबाई दोनदा विरजण मागायला आल्या. "कोण आहे वं, पार्वते?" पहिल्या वेळी पार्वतीबाई म्हणाल्या, "वसंताच्या कॉलेजातली." दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "तुले विरजण पाहिजे का माहिती पाहिजे?"

मग रहाट थांबवून त्या पुष्पलताशी बोलल्या. "तुमी इंदोऱ्याचे नं?"

"हो, मावशी. आम्ही बौद्ध."

"माह्या पोरीचं लग्न व्हायचं आहे. उद्या समाज बोलन. तिले कोणी करून घेतलं नाही तर मी कोणाच्या दारी जाऊ?"

"खरं आहे, मावशी," पुष्पलता म्हणाली. "माझा बाबा पण हेच म्हणते, तिकडच्या बाजूनं. आपली पोरगी तिथं कोणत्या पेल्यात पाणी पियन, म्हणते."

पार्वतीबाईंना वाद अपेक्षित होता. मोरीपाशी रोज ऐकून त्याची त्यांना सवय होती. हे ऐकून त्या फळीकडे पाहत राहिल्या. दुपारी भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली तेव्हा सगळ्यांच्या थाळ्या एकाच फळीवरून निघाल्या, पण त्या तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

वसंत दिवसभर उंबऱ्यावर बसून होता. ऊन उतरल्यावर तो उठला आणि मोरीकडे चालू लागला. माग थांबला. रहाट थांबला. वसंतने हातपाय धुतले, खांद्यावरच्या पंच्याने पुसले, आणि परत येऊन उंबऱ्यावर बसला. माग सुरू झाला.

थोड्या वेळाने पार्वतीबाईंनी सुताची एक लड पुष्पलतापुढे धरली. "रिकामी बसून कंटाळली असशीन. हे टोक धर. ओढू नको, तुटते."

दिवा लागला. धोंडबाजी खड्ड्यातून वर आले, गुडघे चोळत खाटेवर बसले.

"हं. बोल."

वसंत उभा राहिला. "तेच."

"काय तेच?"

"सकाळचंच."

धोंडबाजींनी त्याला खालून वर न्याहाळलं. "पार्वते," ते म्हणाले, "याले ताप तर नाही?"

पार्वतीबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी तोंड फिरवून वात सारखी केली.

"मी हो म्हटलं नाही," धोंडबाजी म्हणाले. "लोक बोलतीन, पोरीचं अडन, हे सगळं खरं आहे. मले विचाराले वेळ लागते. मी याच्यासारखा नाही, मी एकाच बाजूनं विचार करतो, तोच पुरा होत नाही." मग पुष्पलताकडे वळून, "तुह्या बापाले सांग, गोंदियावाल्याले आता बोलवू नको म्हणा. पुढल्या रविवारी मी येतो. फक्त भेटाले. समजलं?"

"समजलं, काका."

गल्लीत आले तेव्हा एकेका घरातला माग बंद पडत होता आणि माणसं दारात येऊन बसत होती. वसंतने सायकल भिंतीपासून काढली.

"पुष्पलता… तू अजून काही बोलली नाही."

"कशावर?"

"माझ्यावर."

"मी सकाळपासून तुझ्या घरी बसून राहिली," ती म्हणाली. "त्या गोंदियाच्या पोराच्या घरी मी चहा थंड होईस्तोवर पण नसती बसली."

वसंतच्या चेहऱ्यावर हळूहळू काय पसरलं, ते अंधारातही दिसलं असतं.

"चल आता," ती म्हणाली. "बाबा रात्रपाळीला निघायच्या आत पोचू. त्याले पण तुले पाहायचं आहे."

"आता? आजच?" तो दचकला. "अन् त्यानं विचारलं, काहून, तर? मी काय सांगू?"

"माहीत नाही म्हण. ते तुले चांगलं जमते."

आणि तांडापेठेच्या भर गल्लीत, रुखमाबाईंसकट सगळ्या दारांच्या देखत, पुष्पलता त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "मार पायडल."